ससोबाचा किराणा

जर्मनीतल्या बायर्न राज्यात, एर्लांगेनमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबात मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की एक विषय हमखास निघतो. वर्गातल्या मैत्रिणीकडे ससा आहे, मग आपल्याकडे का नाही? कुत्र्यासाठी घरमालकाचा होकार मिळवावा लागतो, नगरपालिकेचा कर भरावा लागतो, बर्फ पडत असला तरी त्याला फिरवून आणावं लागतं. ससा, गिनी पिग, हॅमस्टर हे मात्र ‘छोटे प्राणी’. वाजवी संख्येत असतील तर त्यांच्यासाठी भाडेकरूला वेगळी परवानगी मागावी लागत नाही, असं इथल्या न्यायालयांनी मानलेलं आहे. एवढं कळलं की आईबाबा विरघळतात आणि शनिवारी वरात दुकानात पोचते.

तिथे पहिला हिशेब चुकतो, कारण आपण पिंजऱ्याची आणि प्राण्याची किंमत बघतो. ती एकदाच द्यायची असते. ससा नीट सांभाळला तर आठ ते बारा वर्षं जगतो, गिनी पिग पाच ते आठ. तेवढी वर्षं त्यांचा किराणा भरायचा असतो, आणि तोही दोघांचा. ससा किंवा गिनी पिग एकटा ठेवू नये हे जर्मनीत आता कुठलाही जाणकार सांगतो, आणि प्राणी-आश्रयगृहं, म्हणजे इथली टिअरहाइम, एकटा ससा सहसा देतच नाहीत. त्यामुळे पुढचे सगळे आकडे जोडीचे आहेत. अपवाद हॅमस्टरचा. तो एकलकोंडा आहे आणि त्याला तसंच राहू द्यायचं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. दुकानात या सगळ्यांच्या खाण्यावर एकच पाटी असते, ‘नागर’. मराठीत नागर म्हणजे शहाणासुरता, सुसंस्कृत; जर्मनमध्ये नागर म्हणजे कुरतडणारा. त्या पाटीखाली ससाही बसवलेला असतो, पण तो कुरतडणाऱ्यांच्या कुळातला नाही. 1912 मध्ये गिडली या अमेरिकी शास्त्रज्ञाने सशांना उंदीर-खारींपासून वेगळा गण द्यावा असं मांडलं आणि ते पुढे मान्य झालं. सशाच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी दोन छोटे दात लपलेले असतात, ते उंदराला नसतात. ग्राहकाला याचा उपयोग इतकाच, की ‘ससा, गिनी पिग आणि हॅमस्टर, सर्वांसाठी’ असं लिहिलेलं एकच पाकीट दिसलं तर ते जागेवर ठेवून द्यावं. गवत खाणारा ससा आणि दाणे-किडे खाणारा हॅमस्टर एका ताटात जेवू शकत नाहीत.

हॉय आणि श्ट्रो

सशाचं आणि गिनी पिगचं जेवण म्हणजे वाळलेलं गवत. बाकीचं सगळं तोंडी लावणं. गवताला जर्मनमध्ये हॉय म्हणतात आणि पेंढ्याला श्ट्रो. दोन्हीची पाकिटं शेजारी-शेजारी असतात आणि नवखा माणूस स्वस्त दिसतं ते उचलतो. हॉय हिरवट असतं, त्याला उन्हात वाळलेल्या कुरणाचा गोडसर वास येतो. श्ट्रो पिवळं, पोकळ, चकचकीत काड्यांचं; ते अंथरायला. आपल्याकडे बैल भाताच्या पेंढ्यावर उन्हाळा काढतो, ससा गव्हाच्या पेंढ्यावर आठवडाही काढू शकत नाही.

गवतावर इतका भर का, याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही पुढे पैशांपर्यंत पोचतात. पहिलं दातांचं. सशाचे पुढचे दात आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर वाढतात, जन्मभर. दाढाही वाढतच असतात. त्या झिजतात गवत आडवं-आडवं दळताना, कारण गवताच्या पात्यात सिलिकाचे बारीक कण असतात. दाणे किंवा गोळ्या दोन चाव्यांत चुरल्या जातात, दळाव्या लागत नाहीत. मग दाढांना धारदार टोकं येतात, ती जिभेला आणि गालाला टोचतात आणि जनावर खाणं सोडतं.

दुसरं कारण पोटाचं. जर्मन पुस्तकांत सशाच्या पोटाला श्टोप्फमागन म्हणतात, ठासायचं पोट. त्याच्या जठराचे स्नायू दुबळे असतात. आधीचं अन्न पुढे सरकतं ते मागून आणखी अन्न आल्यामुळे. म्हणून तो दिवसरात्र थोडं-थोडं खात राहतो, डझनावारी छोटी जेवणं. सकाळी वाटीभर आणि संध्याकाळी वाटीभर ही आपली माणसांची पद्धत त्याला मानवत नाही. गवत कायम समोर हवं, अगदी मध्यरात्रीसुद्धा. जाताजाता, तो स्वतःची मऊ, द्राक्षांच्या घोसासारखी विष्ठा खाताना दिसला तर ओरडू नका. आतड्यात तयार झालेली जीवनसत्त्वं तो अशी परत मिळवतो.

आता भाव. प्राण्यांच्या दुकानात, मग ते फ्रेसनाप्फ असो, फुटरहाउस असो वा डेनरसारखं बागकामाचं मोठं दुकान, किलोभर गवताच्या पाकिटाला तीन ते पाच युरो धरून चाला. त्यात झेंडूच्या पाकळ्या किंवा गाजराचे तुकडे घातले की किलोचा भाव आणखी चढतो. त्या पाकळ्या ग्राहकाला दिसाव्यात म्हणून असतात. ससा आधी त्या वेचून खातो आणि मग उरलेल्या गवताकडे नाक मुरडतो. दहा किलोचं खोकं ऑनलाइन मागवलं तर किलोला दोन ते तीन युरो पडतात. आणि शेतकऱ्याकडून छोटी गाठ घेतली, दहा-पंधरा किलोची, तर किलोचा भाव युरोच्या आसपास किंवा खालीच राहतो.

हा भाव शोधायला गणित करावं लागत नाही. शेल्फवरच्या किमतीच्या पट्टीवर बारीक अक्षरात ग्रुंडप्राइस छापलेला असतो, म्हणजे किलोमागचा भाव. मे 2022 पासून नियम असा झाला की तो सगळीकडे एक किलोवरच दाखवायचा. पूर्वी लहान पाकिटांवर शंभर ग्रॅमचा भाव लिहून डोळ्यांत धूळ टाकता यायची. मोठी अक्षरं झाकून फक्त ही बारीक ओळ वाचत पुढे गेलात तर सगळा विभाग वेगळाच दिसतो. गवत किलोला चार युरो, रंगीत मिश्रणही साधारण तेवढंच, आणि ‘दह्याच्या टिकल्या’ वीस युरोंच्याही पुढे.

शेतकऱ्याची गाठ घ्यायची तर एर्लांगेन त्यासाठी बरं गाव आहे. पश्चिमेला सेबाखग्रुंड आणि आइशग्रुंडची खेडी, उत्तरेला फोर्खहाइमकडचा भाग, सगळीकडे घोडे पाळणारे लोक आहेत आणि घोडा असेल तिथे गवत असतं. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर ‘हॉय, क्लाइनबालन’ म्हणजे ‘गवत, छोट्या गाठी’ असं शोधायचं. फोनवर एकच प्रश्न विचारा: हे घोड्यांना घालता का? घोड्याचं पोटही नाजूक, त्यामुळे घोडेवाला गवताबाबत काटेकोर असतो. दक्षिण जर्मनीच्या ओल्या कुरणांत हेर्ब्स्टत्साइटलोझे नावाचं जांभळ्या फुलांचं विषारी रोप उगवतं आणि कडेच्या पडीक जमिनीवर पिवळ्या फुलांचं याकोब्सक्रॉइत्सक्राउट. दोन्ही वाळली तरी विष जात नाही. घोडेवाल्याला ही नावं ठाऊक असतात. तुम्ही ती उच्चारलीत तर तो तुमच्याकडे आदरानेही बघेल.

गाठ उघडून मूठभर गवत नाकाशी धरा. कुबट वास, पांढरी बुरशी, झटकल्यावर उडणारा धुरळा, यांपैकी काहीही असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. ताजं कापलेलं गवत दीड-दोन महिने मुरल्याशिवाय घालायचं नसतं, म्हणून जूनमध्ये गाठ घेताना ती यंदाची आहे की गेल्या वर्षीची हे विचारून घ्या. पहिल्या कापणीचं गवत काड्यांचं, भरड असतं. दुसऱ्या कापणीचं मऊ. दातांना पहिलं चांगलं, नखरेल जनावराला दुसरं आवडतं. दोन्ही मिसळून घालायला हरकत नाही.

मग प्रश्न येतो ठेवायचं कुठे. एर्लांगेनमध्ये निम्मं गाव सायकलवर, आणि पंधरा किलोची गाठ कॅरिअरवर बांधून ब्युखनबाखपर्यंत येणं हा पराक्रम एकदाच करण्यासारखा आहे. दोन-तीन घरांनी मिळून गाडी काढावी आणि गाठी वाटून घ्याव्यात. घरी आणल्यावर तळघराच्या कप्प्यात टाकू नका. बुर्गबर्ग टेकडीच्या पोटातली तळघरं बिअरला उत्तम होती. गवताला ओल चालत नाही. जुनी उशीची खोळ किंवा सुती चादर शिवून केलेली पिशवी, पावसापासून आडोसा असलेली बाल्कनी, हवा खेळती. प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली की आत घाम धरतो आणि महिन्यात बुरशी. घरात कुणाला परागकणांचा त्रास असेल तर मात्र गाठीचा मोह सोडा आणि ‘धूळ काढलेलं’ असं लिहिलेलं पाकीट घ्या, जास्त पैसे पडले तरी.

पाकिटावरचं जर्मन

गोळ्या आणि मिश्रणं घ्यायचीच असतील तर पाकिटाच्या मागची बाजू वाचावी लागते. पुढच्या बाजूला गवतात बागडणारा ससा असतो, तो वाचनीय नाही.

मागे सर्वांत आधी एक लांबलचक शब्द दिसेल. आलाइनफुटरमिटल म्हणजे ‘संपूर्ण आहार’, एर्गेन्झुंग्सफुटरमिटल म्हणजे ‘पूरक आहार’. हे शब्द युरोपीय कायद्यातले आहेत, जाहिरातीतले नाहीत. पण इथेच एक खाच आहे. ‘संपूर्ण’ याचा कायदेशीर अर्थ एवढाच, की त्यातली पोषकद्रव्यं रोजच्या गरजेला पुरेशी आहेत. दात झिजतील का, पोट चालू राहील का, याची हमी त्या शब्दात नाही. त्यामुळे पाकिटावर ‘संपूर्ण’ वाचून गवत बंद करणारा ग्राहक कायद्याच्या भाषेने फसतो.

त्याखाली त्सुझामनझेट्झुंग, म्हणजे घटक. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. पहिल्या दोन-तीन शब्दांत गवत, वनस्पती, पालेभाज्या दिसल्या तर पुढे वाचा. पहिलाच शब्द गेट्राइडे असेल, म्हणजे धान्य, तर ते सशासाठी नाही. त्सुकर म्हणजे साखर, मेलासे म्हणजे उसाची किंवा बीटची मळी, होनिग म्हणजे मध. यांपैकी एकही नाव दिसलं की पाकीट परत. बेकराय-नेबनएर्त्सॉइग्निसे म्हणजे बेकरीतला उरलासुरला माल. ‘फ्लान्त्सलिशे नेबनएर्त्सॉइग्निसे’, म्हणजे वनस्पतींपासूनची दुय्यम उत्पादनं, हा तर फार सोयीचा पडदा: कायदा पाकीटवाल्याला घटकांऐवजी घटकांचे गट लिहायची मुभा देतो, आणि त्या गटात पौष्टिक कोंडाही बसतो आणि नुसता भुसाही. आत काय आहे ते नावानिशी सांगणारा उत्पादक निवडावा, एवढाच यावरचा उपाय.

मग आकडे. रोफाझर म्हणजे तंतू. सशाच्या गोळ्यांत तो वीस टक्क्यांच्या वर असेल तर बरं, बारा-चौदा टक्के असेल तर ते धान्यच आहे, हिरवा रंग दिलेलं. आणि लुत्सेर्ने हा शब्द दिसला तर थांबा. लुत्सेर्ने म्हणजे आपला लसूणघास. सांगली-कोल्हापूरकडे दुभत्या म्हशीला घालतात तोच. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर. म्हशीला ते दुधात जातं. ससा मात्र अन्नातलं बहुतेक सगळं कॅल्शियम शोषून घेतो आणि जादाचं लघवीवाटे टाकतो, त्यामुळे मोठ्या सशाला रोज लसूणघास म्हणजे मूत्राशयात गाळ आणि खडे. वाढत्या पिल्लाला, व्यायलेल्या मादीला ठीक. याच कारणाने पिंजऱ्याला टांगायचे चुन्याचे आणि मिठाचे दगडही घेऊ नका. दोन-तीन युरोंची वस्तू आहे, पण ती विकत घ्यायचं कारण काहीच नाही.

क्नाबरश्टांगे म्हणजे मधात चिकटवलेल्या दाण्यांची कांडी आणि त्या दह्याच्या टिकल्या यांबद्दल मुलांशी एकदाच भांडून घ्यावं. सशाच्या आतड्याला दुधातली साखर कळत नाही. कांडीऐवजी सफरचंदाच्या, हेझलच्या किंवा विलोच्या झाडाची कोवळी फांदी पानांसकट द्या, तो सालही सोलून खातो आणि मुलांना बघायला तेच अधिक मजेचं असतं.

दोन आज्या

आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या ओमा, जर्मन आजी, सशासाठी कडक वाळलेला पाव जपून ठेवत. ‘दातांना चांगला,’ असं त्यांचं म्हणणं. भारतातून आलेल्या आमच्या आईने पोळीचा तुकडा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि चार शेंगदाणे सुरू केले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण सशाला खाऊ घालण्यात पूर्ण एकमत होतं.

ओमांचा पाव कुठून आला हे नंतर कळलं. युद्धानंतरच्या टंचाईत इथे घरोघरी परसात ससे असत, श्टालहाझे म्हणतात त्यांना, आणि ते कशासाठी असत हे सांगायला नको. त्या सशाला काही महिन्यांत गुबगुबीत करायचं असे. पाव, बटाट्याच्या साली, धान्य, जे उरेल ते. दहाव्या वर्षी त्याच्या दाढा कशा असतील याची चिंता कुणाला नव्हती, कारण दहावं वर्ष येणारच नव्हतं. दुकानातल्या धान्याच्या मिश्रणांमागेही हाच जुना पुष्ट करण्याचा आहार आहे, फक्त आता त्यावर रंग आणि चित्र आलं आहे. मला तरी सगळ्या विभागातली ही सर्वांत महाग चूक वाटते: जनावर बारा वर्षं जगायचं आहे आणि आपण त्याला बारा आठवड्यांचं खाणं घालतो आहोत.

कडक पाव लाळेत क्षणात मऊ होतो, दात झिजवत नाही, आणि पोटात आंबतो. पोळी, भात, कच्च्या डाळी, बिस्किट यांचंही तेच. आईची समजूत कोथिंबिरीने निघाली. कोथिंबीर सशाला चालते, गिनी पिगला तर वेड लावते, आणि ‘आपल्या हातची’ काहीतरी दिल्याचं समाधान आजीला मिळतं. मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, पुदिना, शेपू हेही चालतं. कांदा, लसूण, पात, लीक, बटाट्याचे कोंब, अवोकाडो, रुबार्ब, कच्च्या घेवड्याच्या शेंगा हे कधीच नाही.

आणि गाजर? मुळाक्षरांच्या तक्त्यांनी आणि कार्टूनांनी ससा आणि गाजर यांची जी गाठ बांधली आहे ती सोडवणं कठीण. गाजर गोड असतं. बोटभर तुकडा, आठवड्यातून दोन-तीनदा, लाड म्हणून. सशाचं खरं प्रेम गाजराच्या शेंड्यावर असतं, आणि तो शेंडा इथे फुकट मिळतो.

फुकटचा पाला

सशाच्या दर किलो वजनामागे रोज शंभर ग्रॅम तरी ताजा हिरवा पाला, असं ढोबळ माप धरा. दोन किलोचे दोन ससे म्हणजे रोज चारशे ग्रॅम, महिन्याला बारा किलो. हे सगळं सुपरमार्केटमधून विकत घेतलं तर तीस युरो सहज जातात. पण जर्मन ग्राहकाला नवलकोलाचा कंद हवा असतो, पानं नको असतात. गाजराचा पाला तो तिथल्या तिथे पिरगळून टाकतो. मोठ्या दुकानांत भाजीच्या फळीखाली यासाठी एक खोकं असतं. विचारायला संकोच करू नका. ‘फ्युर डी कानीनशेन’, सशांसाठी, एवढं म्हटलं की बहुतेक वेळा हसतमुखाने पिशवी भरून मिळते.

गावच्या बाजाराची गोष्ट आणखी चांगली. एर्लांगेन, न्युर्नबर्ग आणि फ्युर्ट यांच्या मधला सपाट पट्टा म्हणजे क्नोब्लाउख्सलांड, शब्दशः लसूणभूमी, जर्मनीतल्या मोठ्या सलग भाजीपट्ट्यांपैकी एक. टेनेनलोहच्या दक्षिणेला गेलं की शेतं सुरू होतात. तिथले शेतकरी आपली भाजी बाजारात आणतात: नवलकोल, सॅलडच्या गड्ड्या, मुळे, बडीशेपेचे कंद. गाड्या आवरायच्या वेळी गेलात तर बाहेरची पानं, जी त्यांना परत न्यायची नसतात, ती मिळतात. लसूणभूमीतलं सगळं घ्या, लसूण सोडून. कोबी-फ्लॉवरच्या पानांची सवय मात्र हळूहळू लावा, पहिल्या दिवशी अर्धं पान. फ्रिजमधून काढलेला पाला थेट देऊ नका आणि ओला ढीग साठवू नका, तो गरम होऊन आंबतो.

एप्रिल ते ऑक्टोबर मैदानी पाला असतो. ल्योवनत्सान म्हणजे पिवळ्या फुलांचं डँडेलियन, लांब पानांचं श्पित्सवेगरिश, डेझी, आणि गियर्श. गियर्श ही इथल्या बागकाम करणाऱ्यांची डोकेदुखी, कितीही उपटलं तरी येणारं तण. श्रेबरगार्टनमध्ये, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या छोट्या बागांत, वाफा असलेल्या कुणा पेन्शनर आजोबांना ‘तुमचं गियर्श मी नेऊ का?’ विचारा, ते तुम्हाला चहाला बसवतील. पहिल्यांदा त्यांच्याकडूनच ओळखून घ्या, कारण त्याच कुळातल्या काही वनस्पती जिवावर बेतणाऱ्या विषारी आहेत. आयव्ही, यू, थुजा, लिली ऑफ द व्हॅली यांना हातही लावू नका.

रेग्निट्झ नदीच्या काठची हिरवीगार कुरणं बघून पिशवी काढावीशी वाटते. ती कुणाच्या तरी गाईंचा चारा आहे. गवत वाढत असताना बायर्नमध्ये अशा कुरणात पाय ठेवायचा नसतो. ब्रुकर लाखेसारख्या संरक्षित निसर्गक्षेत्रात तर काहीच तोडायचं नाही. इतरत्र कायदा मूठभर, हातात मावेल एवढा गुच्छ घरच्या वापरासाठी घेऊ देतो. पायवाटेलगतचा घेऊ नका, तिथे प्रत्येक कुत्र्याने सही केलेली असते. रानटी ससे जिथे हिंडतात तिथल्या पाल्याबरोबर रोगही येऊ शकतो. मिक्सोमॅटोसिस आणि सशांचा रक्तस्रावी ताप यांची लस दिलेली असेल तरच बाहेरचा पाला आणा. लस दरवर्षीची, ती खर्चात धरा.

गिनी पिगची मिरची

गिनी पिगला गवत आणि पाला वर सांगितल्याप्रमाणेच, पण एक भर हवी. माणसासारखंच त्याचं शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. हे कसं कळलं त्याची कथा नॉर्वेतली. 1907 मध्ये आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिश या दोघांनी गिनी पिगना नुसतं धान्य आणि पाव खाऊ घातला आणि त्यांना खलाशांना होणारा स्कर्व्ही झाला. कोबी आणि लिंबू दिल्यावर बरे झाले. रंगीत मिश्रणाचं पाकीट उचलताना मला हा प्रयोग आठवतो. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हे सिद्ध झालेलं आहे आणि आपण घरी तोच प्रयोग पुन्हा करतो, पैसे देऊन.

किलोभर वजनाच्या गिनी पिगला रोज दहा ते वीस मिलिग्रॅम पुरतं, आजारी किंवा गाभण असेल तर जास्त. लाल ढोबळी मिरचीच्या पंधरा ग्रॅमच्या एका कापात साधारण तेवढं असतं. म्हणजे एक मिरची जोडीला चार-पाच दिवस. देठ आणि हिरवा दांडा काढून टाका. पाण्यात टाकायचे थेंब मिळतात, पण पाण्यात आणि उजेडात ते जीवनसत्त्व लवकर विरतं, आणि चव बदलली म्हणून जनावर पाणी कमी पितं. गोळ्यांत घातलेलंही डबा महिनोन्‌महिने उघडा राहिला की ओसरतं.

हॅमस्टरचं बिल सगळ्यांत छोटं. दिवसाला मोठा चमचाभर बारीक दाण्यांचं मिश्रण, जोडीला आठवड्यातून काही वेळा वाळवलेल्या अळ्या, कारण तो पूर्ण शाकाहारी नाही. शाकाहारी घरात हा प्रश्न आधीच बोलून घ्यावा. चांगल्या मिश्रणाचं किलोचं पाकीट आठ-दहा युरोंना पडलं तरी दोन-तीन महिने पुरतं. चिकट पदार्थ नको, ते गालाच्या पिशवीत अडकतात. बुटक्या जातीच्या हॅमस्टरला आणि चिलीहून आलेल्या डेगूला मधुमेहाची खोड आहे, त्यांना फळ आणि मध अजिबात नाही. चिंचिलाला गवतच, आणखी कोरडं. पाळीव उंदीर माणसासारखे सर्वभक्षी, लठ्ठपणाकडे झुकणारे.

महिन्याचा हिशेब

दोन किलोचे दोन ससे घरात आहेत असं समजा. सांडलवंड धरून रोज दीडशे ग्रॅम गवत, म्हणजे महिन्याला साडेचार किलो.

शनिवारी दुकानात जाऊन सगळं पाकिटातलं घेतलं तर गवताचे अठरा युरो, धान्याच्या मिश्रणाचे आठ, कांड्या-टिकल्यांचे नऊ, आणि वर थोडी भाजी दहाची. पंचेचाळीस झाले. यातले सतरा युरो, मिश्रण आणि खाऊ, नुकसान करणाऱ्या वस्तूंवर गेले.

गाठीचं गवत घेतलं तर पेट्रोल धरून पाच युरो. हिवाळ्यात बारा किलो पाल्यातला चार किलो फुकट मिळाला आणि आठ किलो अडीच युरोंनी घेतला तर वीस. एकूण पंचवीस. उन्हाळ्यात बाग आणि बाजार साथ देतात तेव्हा विकतचा पाला तीन किलोवर येतो आणि सगळं बारा-तेरा युरोंत भागतं. गाठ शक्य नसेल आणि खोक्यातलं गवत घेतलं तर दोन्हीत सहा-सात युरो मिळवा. गिनी पिगच्या जोडीला याच्या साधारण निम्मं ते दोनतृतीयांश, अधिक मिरची. गोळ्या हव्याच असतील तर दर सशाला रोज एक चमचा. नसतील तरी निरोगी मोठ्या जनावराचं अडत नाही.

एकदम बदल करू नका. आतापर्यंत मिश्रणावर असलेल्या सशाला गवत आणि पाल्यावर आणायला दोन-तीन आठवडे लावा, मिश्रण चमच्या-चमच्याने कमी करत. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर रविवारी वजन करून कॅलेंडरवर लिहा. भाजीचा खर्च दिसतो, पण घटतं वजन डोळ्यांना दिसत नाही, केसांत लपतं.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. खाण्यावर सात टक्के कर लागतो, डॉक्टरच्या बिलावर एकोणीस. जनावरांच्या डॉक्टरांचं दरपत्रक जर्मनीत सरकारी आहे, नोव्हेंबर 2022 मध्ये ते नव्याने आलं आणि दर वाढले. डॉक्टर त्यातल्या दराच्या एकपट ते तिप्पट लावू शकतो. संध्याकाळी सहानंतर, आणि शुक्रवारी सहापासून सोमवार सकाळी आठपर्यंत, ती तातडीची सेवा होते. तेव्हा किमान दुप्पट, कमाल चौपट, आणि वर तातडीचे पन्नास युरो, करासह एकोणसाठ युरो पन्नास सेंट, जनावराला हात लावायच्या आधीच. त्यात क्ष-किरण, सलाईन, रात्रभर ठेवणं आलं की बिल शेकड्यांत जातं. दाढा घासायच्या तर भूल द्यावी लागते आणि एकदा दाढा बिघडल्या की ते दर काही आठवड्यांनी परत परत.

ससा किंवा गिनी पिग अर्धा दिवस काही खात नसेल, कोपऱ्यात फुगून बसला असेल, लेंड्या येत नसतील, तर ‘सोमवारी बघू’ म्हणायचं नाही. आधीच फोन करून ठेवा आणि विचारा की डॉक्टर कुत्र्या-मांजरांखेरीज हाइमटीअर, म्हणजे असे छोटे प्राणीही नेहमी बघतात का. सगळे बघत नाहीत.

बायर्नमध्ये दुकानं रात्री आठला बंद होतात आणि रविवारी उघडत नाहीत, त्यामुळे गवताची पिशवी शुक्रवारीच चाचपायची सवय लावून घ्या. आणि डिसेंबरात महिनाभर पुण्याला जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे किल्लीबरोबर जर्मनमध्ये एक चिठ्ठी द्या, फ्रिजला लावण्यासाठी. आमच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत असतं: ‘गवत कायम भरलेलं. पाला सकाळ-संध्याकाळ. मिरचीचा काप नको, तो वरच्या मजल्यावरच्या गिनी पिगचा.’ आणि खाली, ओमांसाठी लाल शाईने: ‘पाव नाही. खरंच नाही.’